तोट्यातही गाडी का पळते?

अर्थशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. अल्पकाळात तोटा होत असूनही उद्योगसंस्था उत्पादन चालू का ठेवते? पाच मार्कांचा. तुम्ही आकृती काढता, सरासरी बदलत्या खर्चाची रेषा दाखवता, किंमत त्या रेषेच्या वर आहे तोवर धंदा चालू ठेवणं शहाणपणाचं असं लिहिता आणि पुढच्या प्रश्नाकडे वळता. हे उत्तर जगणारी माणसं बघायची असतील तर ऐन पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ किंवा भिवंडीच्या गोदामांबाहेर चक्कर मारा. ताडपत्री घडी घालून ठेवलेल्या मोकळ्या गाड्या रांगेनं उभ्या दिसतील. खाली सावलीत कुणी स्टोव्हवर भात शिजवतंय, कुणी फोनवर भाड्याची चौकशी करतंय. यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात गाडीची किल्लीही असते आणि त्याच गाडीच्या कर्जाचं पासबुकही. म्हणजे मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच.

ट्रकचा धंदा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेकडो गाड्यांची, रंगीत लोगोवाली मोठी कंपनी येते. प्रत्यक्षात देशातले बहुतांश ट्रक एक-दोन, फार तर चार गाड्या असणाऱ्यांच्या मालकीचे आहेत. मोठी कंपनी ऑर्डर घेते, ती ट्रान्सपोर्टरला देते, तो दलालाला फोन करतो आणि शेवटी माल चढतो तो अशाच कुणाच्या तरी गाडीत. देशातल्या मालवाहतुकीचा सुमारे ७० टक्के भाग रस्त्यानं होतो. तुमच्या हॉस्टेलच्या मेसमधला तांदूळ, बांधकामाचं सिमेंट, सेलमध्ये मागवलेले बूट, सगळं यात आलं. बाजार पडला की या साखळीतला प्रत्येक जण आपला तोटा खालच्याकडे सरकवतो. गाडीवाल्याच्या खाली कुणी नाही. त्याच्याकडे आलेला तोटा त्याच्याकडेच राहतो.

किती राहतो, ते बघू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, गाडी आणि रस्ता बदलला की तेही बदलतील. पण हिशेबाची रीत हीच.

समजा सिन्नरच्या एकाची दहाटायरी गाडी आहे. महिन्याचा हप्ता ४५ हजार. विमा, कर, परमिट, पासिंग यांची महिन्याची सरासरी १० हजार. म्हणजे गाडी हलो न हलो, ५५ हजार गेलेच. हा तुमचा स्थिर खर्च. आता तो भिवंडीत माल भरून नागपूरला जातो, अंतर अंदाजे ८०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते. डिझेल नव्वद रुपये धरा. झाले १८ हजार. टोल ५ हजार, टायर-ऑइलची झीज अडीच हजार, जेवणखाण, हमाली, काटा, किरकोळ मिळून २ हजार. एका फेरीचा बदलता खर्च साडेसत्तावीस हजार, जाऊन-येऊन ५५ हजार.

बाजार चांगला असतो तेव्हा जाताना ५० हजार भाडं मिळतं आणि येताना ३२ हजार. एका खेपेला २७ हजार सुटतात. चार खेपा झाल्या तर १ लाख ८ हजार. त्यातून स्थिर खर्च वजा केला की ५३ हजार उरतात. बरं चाललंय म्हणायचं.

आता भाडं उतरू द्या. जाताना ४०, येताना २५. म्हणजे भाडं साधारण वीस टक्क्यांनी खाली आलं. खेपेला सुटतात १० हजार, महिन्याला ४०. स्थिर खर्च ५५. गडी १५ हजारांनी आत! भाडं वीस टक्के पडलं आणि कमाई ५३ हजारांवरून उणे पंधरावर आली. डिझेल आणि हप्ता यांपैकी काहीच वीस टक्क्यांनी स्वस्त झालेलं नसतं, म्हणून असं होतं. आणि मंदीत चार खेपा मिळतातच असं नाही. माल भरायला दोन दिवस जास्त थांबावं लागलं आणि खेपा तीनवर आल्या, की तोटा २५ हजार.

मग गाडी उभी का करत नाही? कारण उभी केली तर तोटा ५५ हजार आहे आणि पळवली तर पंधरा. पाच मार्कांचं उत्तर हेच आहे. गाडीवाल्यानं ते पुस्तकात वाचलेलं नसतं, पण त्याचा हिशेब तुमच्या आकृतीइतकाच पक्का असतो.

परतीच्या भाड्याचं गणित तर आणखी विचित्र आहे. नागपुरात माल उतरवला. गाडी भिवंडीला परत आणायचीच आहे. मोकळी आणली तरी डिझेल, टोल, झीज, जेवण मिळून वीस-एकवीस हजार जाणारच. भरून आणली तर साडेसत्तावीस. म्हणजे माल भरण्याचा जादा खर्च फक्त सहा-सात हजार. त्याच्यावर जे मिळेल ते मोकळं येण्यापेक्षा बरं. समोरच्या दलालाला हे गणित तोंडपाठ असतं. फोनवरचा संवाद साधारण असा:

“शेठ, पंचवीस नाही परवडत हो. अठ्ठावीस तरी करा, डिझेल बघा ना.”

“भाऊ, बावीसवाला मागे उभा आहे. भरायची तर सांग, नाहीतर त्याला लावतो.”

बावीसवाला खरंच उभा असतो का? कधी असतो, कधी नसतो. तीन दिवस नागपूरच्या उन्हात काढलेल्या माणसाला ते पडताळून बघायची सोय नसते. आणि त्यानं बावीस घेतलं, की उद्या त्या मार्गाचा भाव बावीस होतो. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाणपणाचा निर्णय घ्यायचा आणि त्यातून सगळ्यांचाच भाव पाडायचा, असं हे चक्र आहे. पूर्ण स्पर्धेच्या धड्यात याला कार्यक्षमता म्हणतात. (धडा लिहिणाऱ्याला परतीचं भाडं कधी शोधावं लागलं नसावं.)

पुस्तक पुढे म्हणतं, दीर्घकाळात तोट्यातल्या संस्था बाहेर पडतील, पुरवठा घटेल आणि भाव सुधारेल. इथं खरी मेख आहे. ट्रकवाल्याचा दीर्घकाळ येतच नाही. मंदीत गाडी विकायला काढली तर तिला किंमत येत नाही, कारण सगळेच विकायला बसलेले. आलेल्या पैशातून कर्ज फिटत नाही. गाडी फायनान्सवाल्यानं ओढून नेली तर ती लिलावात दुसरा कुणी स्वस्तात घेतो, आणि स्वस्तात घेतल्यामुळे त्याला आणखी कमी भाडं परवडतं. माणूस बाहेर पडतो, गाडी धंद्यातच राहते. पुरवठा होता तेवढाच.

बाजार पडतो कशानं? काही कारणं ठरलेली आहेत. पावसाळ्यात बांधकाम थंडावतं, सिमेंट-सळई-वाळूचा माल कमी होतो. दिवाळीच्या तोंडावर गाडी मिळत नाही आणि भाडं चढतं. याची सगळ्यांना सवय आहे. पण काही धक्के एका कागदावर येतात. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. बातम्यांत शेतकरी दिसला, आणि तो दिसायलाच हवा होता. पण लासलगाव-पिंपळगावहून बंदराकडे जाणारा माल थांबला की त्या मार्गावरची गाडीही थांबते, ती कुणाच्या बातमीत नसते. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकची भारक्षमता २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. दहाटायरी गाडीचं कायदेशीर एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेलं. ऐकायला छान. पण देशातला माल काही त्या रात्रीत वाढला नाही. तेवढाच माल कमी गाड्यांत बसू लागला. एकही नवा ट्रक कारखान्यातून बाहेर न पडता बाजारात जणू लाखो ट्रक जादा झाले. पुढे मंदी आली तेव्हा भाड्याला सावरायला जागाच उरली नव्हती.

गोव्याचं उदाहरण याहून कडक आहे. खाणीतलं खनिज जेटीपर्यंत नेण्यासाठी डिचोली, सांगे भागात घरटी टिपर घेतले गेले होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चपासून पुन्हा थांबल्या. निकाल पर्यावरणाच्या आणि कायद्याच्या अंगानं योग्यच होता, असं आमचं मत. पण टिपर हा काही कापडाच्या गाठी घेऊन दिल्लीला जाणारा ट्रक नव्हे. एकाच मालासाठी, एकाच तालुक्यात फिरण्यासाठी घेतलेली ती गाडी अंगणात उभी राहिली, आणि हप्ते मात्र चालूच राहिले.

तर मग माणसं टिकतात कशी? इथं जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण या टिकण्यात डोकंही आहे आणि धोकाही आहे, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच युक्तीत आहेत.

सगळ्यात आधी वेग कमी होतो. सत्तरनं जाणारी गाडी पन्नास-पंचावन्ननं जाऊ लागते, उताराला ॲक्सिलरेटरवरून पाय निघतो. डिझेल हा सगळ्यात मोठा खर्च, तिथं लिटरमागे अर्धा किलोमीटर जास्त मिळाला तरी महिन्याला हप्त्याचा एक तुकडा सुटतो. ही शुद्ध हुशारी. मग टोल. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा होऊन पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तुम्ही गावी जाताना वेळ वाचला म्हणून खूश असाल. पण मालट्रकला तिथं किलोमीटरमागे मोटारीच्या तिपटीहून जास्त टोल पडतो. ज्याला पुढची खेप तयार आहे त्याला वाचलेल्या वेळेचे पैसे होतात. ज्याला नागपुरात तीन दिवस बसायचंच आहे, तो वेळ वाचवून करणार काय? तो जुन्या रस्त्यानं जातो.

टायरचंही तसंच. नव्याऐवजी रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून घेतलेले. मागच्या चाकांना नीट केलेला रिमोल्ड चालतो, त्यात गैर काही नाही. पुढच्या चाकांना मात्र नवाच टायर हवा, हे प्रत्येक ड्रायव्हर सांगेल, कारण स्टिअरिंगचं चाक फुटलं तर गाडी हातात राहत नाही. मंदी लांबली की हा नियमही ढिला पडू लागतो. जादा माल भरण्याचा मोह तर विचारूच नका. कायद्यानं ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. तरी लोक भरतात, कारण भाडं टनावर ठरतं आणि माल देणाराच कधी कधी सांगतो, दोन टन जास्त घे नाहीतर दुसऱ्याला देतो. पकडली तर दंड गाडीवाल्याचा, सुटली तर फायदा दोघांचा.

यानंतर माणसं कमी होतात. आधी क्लीनर जातो. मग पगारी ड्रायव्हर असेल तर तो जातो आणि मालक स्वतः स्टिअरिंगवर बसतो. वीस-पंचवीस हजार वाचले, असं तो म्हणतो. इथं आपल्या हिशेबाकडे पुन्हा बघा. महिन्याला पंधरा हजार तोटा काढला, त्यात आपण ड्रायव्हरची मजुरी धरलेलीच नव्हती! मालक स्वतः चालवतोय म्हणून ती शून्य मानली. महिन्यातले पंचवीस दिवस घराबाहेर, रात्री घाट, दिवसा रांग, आणि या सगळ्या कामाची किंमत हिशेबात शून्य. मंदीतली सगळी स्वस्ताई शेवटी इथून येते. मोठी कंपनी याच भाड्यात गाडी चालवू शकत नाही, कारण तिला ड्रायव्हरला पगार द्यावाच लागतो. एका गाडीचा मालक चालवू शकतो, कारण तो स्वतःला देत नाही. लोक याला जिगर म्हणतात, रील्समध्ये यावर गाणी लागतात. आम्हाला तो बिनपगारी कामगार दिसतो, जो कागदावर मालक असल्यामुळे कुणाकडे पगार मागू शकत नाही.

कायद्यालाही तो कामगार म्हणून दिसला नाही. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती, पण हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असणाऱ्या ठिकाणांसाठी. जो स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, त्याच्या झोपेचे तास कोण मोजणार? क्लीनर नाही म्हणून रात्री गप्पा मारून जागं ठेवणारं कुणी नाही, आरसा बघून मागे घ्यायला हात दाखवणारं कुणी नाही. कसारा घाटात समोरून येणाऱ्या तुमच्या एसटीत किंवा बाइकवर तुम्ही असता, तेव्हा त्या माणसाची झोप हा फक्त त्याचा प्रश्न राहत नाही.

प्राप्तिकर कायदा मात्र त्याला मालक म्हणून बरोबर ओळखतो. कॉमर्सवाल्यांनो, १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४ एई आठवा. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय. बारा टनांवरच्या गाडीला, एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे महिन्याला १ हजार रुपये उत्पन्न धरायचं. आपल्या दहाटायरीचं झालं महिना साडेअठ्ठावीस हजार. गाडी पळाली की उभी राहिली, हा प्रश्न नाही. मालकीची आहे एवढं पुरे. हिशेबाच्या वह्या ठेवायची कटकट वाचते म्हणून सोय चांगलीच आहे, आणि एकाच गाडीच्या उत्पन्नावर बहुधा करही लागत नाही. पण कागद म्हणतो माणूस साडेअठ्ठावीस हजार कमावतो, आणि आपला हिशेब म्हणतो तो पंधरा हजार घालवतो. कमी दाखवायचं तर वह्या आणि ऑडिट आलं. तीन महिने पावसात अडकलेल्या गाडीवाल्यानं ते कधी करायचं?

आता तुम्ही म्हणाल, ॲप आहेत ना. मध्ये दलाल कशाला? फोनवर माल बघा, बोली लावा, भरा. काही अंशी हे खरं आहे. अनोळखी गावात परतीचं भाडं शोधायला ॲपचा उपयोग होतो, टोल आणि डिझेलचा हिशेब एका जागी राहतो. पण ॲप माल तयार करत नाही. शंभर गाड्या आणि साठ जणांचा माल असेल, तर ॲपवरही चाळीस जण मोकळेच राहणार, फक्त आता त्यांना एकमेकांचा भाव दिसणार. या क्षेत्रातली ब्लॅकबक ही आपल्याकडची कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. तिच्या कमाईचा मोठा भाग टोलचे व्यवहार आणि गाडीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राची वर्गणी यांतून येतो. धंदा म्हणून शहाणपणाचंच आहे. भाडं चढो वा पडो, टोल भरायचा तो भरावाच लागतो. अमेरिकेत बेझोस आणि गेट्स यांचा पैसा लागलेलं कॉन्व्हॉय नावाचं ट्रक ॲप ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या भाडेमंदीत बंद पडलं. तिथंही कोविडकाळात भाडं चढलेलं बघून कित्येकांनी एकेक ट्रक घेतला होता आणि २०२२ पासून भाव कोसळल्यावर तेही आपल्यासारखंच हप्त्यापुरतं चालवत राहिले. ज्यांच्यासाठी ॲप काढलं होतं त्यांतले बरेच रस्त्यावरच राहिले.

मग सगळ्यांनी मिळून गाड्या थांबवायच्या? जानेवारी २०२४ चा पहिला दिवस आठवतोय? पेट्रोल पंपांवर रांगा, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, ग्रुपवर ‘टाकी फुल करून घ्या’चे मेसेज. भारतीय न्याय संहितेतल्या अपघात करून पळून जाण्याच्या तरतुदीविरुद्ध तो बंद होता आणि दोन दिवसांत चर्चा होऊन मिटला. कायद्याविरुद्ध एकत्र येणं जमतं, कारण समोर सरकार एक असतं. भाड्यासाठी जमत नाही. जुलै २०१८ मध्ये आठ दिवस देशभर चक्का जाम झाला, तोही डिझेल, टोल, विम्यासाठी. भाडं हजार ठिकाणी, हजार फोनवर ठरतं. तिथं तुम्ही थांबलात तर बावीसवाला आहेच.

एका ठिकाणी जमलं होतं. हिमाचलमध्ये दाडलाघाट आणि बरमाणा इथल्या सिमेंट कारखान्यांचा माल स्थानिक गाडीवाल्यांच्या संघटनाच उचलतात. यातल्या अनेकांच्या जमिनी याच कारखान्यांसाठी गेल्या होत्या. गाड्यांना नंबर लागतो, दर सगळ्यांना एक. डिसेंबर २०२२ मध्ये कारखाने चालवणाऱ्या अदानी समूहानं हे दर परवडत नाहीत म्हणत दोन्ही कारखाने बंद केले. दोन महिन्यांहून जास्त काळ गाड्या उभ्या होत्या. २० फेब्रुवारी २०२३ ला तडजोड झाली: छोट्या गाड्यांना टन-किलोमीटरमागे १० रुपये ३० पैसे, मोठ्यांना ९ रुपये ३० पैसे, आधीपेक्षा कमी. हरले म्हणायचं का? दर उतरला, पण तो टेबलावर बसून, सगळ्यांसाठी एकच उतरला. उन्हात उभ्या एकट्या माणसाला फोनवर नाही सांगितला. अर्थात नंबर पद्धतीची दुसरी बाजूही आहे. बाहेरच्या गाडीला माल भरू दिला जात नाही, आणि दराचा बोजा शेवटी सिमेंट घेणाऱ्यावर जातो. महाराष्ट्रभर हेच लागू करा असं म्हणणं सोपं आहे, पण मोकळ्या बाजारात हजारो ठिकाणांहून हजारो ठिकाणी जाणाऱ्या मालाला ते बसणार नाही. सरकारनं किमान भाडं ठरवावं ही मागणीही अधूनमधून होते. कागदावर दर एक आणि हातात दुसरा, हे किती सोपं आहे ते हमीभावाकडे बघून कळतं.

म्हणून आमचा आग्रह भाड्याच्या आकड्यापेक्षा दोन साध्या गोष्टींवर आहे. पहिली, थांबवून ठेवलेल्या वेळेचे पैसे. गोदामाच्या गेटवर गाडी दोन-दोन दिवस उभी असते. माल उतरवायला जागा नाही, साहेब जेवायला गेलेत, कागद जुळत नाहीत. कंपनीला ते फुकटचं गोदाम होतं. याला हाल्टिंग म्हणतात, पावतीवर दरही छापलेला असतो आणि मिळतो फार थोड्यांना. तुमच्यातले कित्येक जण लॉजिस्टिक्समध्ये इंटर्नशिप करताय किंवा करणार आहात. तुमच्या एक्सेल शीटमध्ये गाडी आल्याची आणि गेल्याची वेळ असे दोन रकाने असतात. मधला फरक कुणी काढत नाही. काढा आणि मीटिंगमध्ये दाखवा. कंपन्या गाडीवाल्याचं ऐकत नाहीत, पण चार्टचं ऐकतात.

दुसरी, बाकी. भाड्याचा मोठा भाग उचल म्हणून आधी मिळतो, त्यात डिझेल भरलं जातं. उरलेला बॅलन्स माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती परत दिल्यावर. तो कधी महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी, कधी पोतं ओलं होतं म्हणून कापून. गाडीवाल्याचा नफा असलाच तर तो याच बॅलन्समध्ये असतो, म्हणजे त्याचाच नफा ट्रान्सपोर्टर बिनव्याजी वापरतो, आणि हा हप्ता चुकू नये म्हणून घरातलं सोनं गहाण ठेवतो.

यावर कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आणखी एक गोम आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा करता येत नाही. कर वाढतो म्हटल्यावर मोठमोठ्या अकाउंट्स विभागांना जाग येते. एका गाडीचा मालकही या कायद्यात बसतो, सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून, मात्र त्याची ‘उद्यम’ नोंदणी हवी. मोठ्या ट्रान्सपोर्टरशी भांडून उद्याचं भाडं गमवायची भीती असते, हे मान्य. पण बिलावर नोंदणीचा नंबर छापलेला असणं आणि तक्रार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यानंच कधी कधी काम होतं.

नोंदणी ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतो, अर्ध्या तासाचं काम आहे. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. तुमच्या वर्गात, गल्लीत, मामाच्या गावात एक तरी घर असं असेल जिथं गाडी दारात उभी आहे. या रविवारी लॅपटॉप घेऊन जा. नोंदणी कामाच्या आधीची असलेली बरी, म्हणून पुढचं भाडं भरायच्या आत करा. आणि काका जेवायला बसले असतील तेव्हा गेल्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या मागून घ्या, तारखेनं लावा, प्रत्येकीसमोर किती बॅलन्स आला आणि किती दिवसांनी आला ते लिहा. एक रकाना मजुरीचाही ठेवा.